बॉनेट थंड पाहिजे

आखातात थंडी पडते, हे आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत पटलं नाही. "तिकडे कसली आलीय थंडी, रस्त्यावर अंडं फोडलं तर आम्लेट होतं म्हणे," असं आत्या फोनवर म्हणायची आणि आई स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेत नुसती हसायची. रास अल खैमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जिथे आम्ही ते शेवटचं वर्ष काढलं, तिथे जानेवारीत पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघायची. पत्र्यावरून दव ठिबकायचं. नळाखाली हात धरवत नसे. आणि आमच्या दारापासून वीस पावलांवर उभा असलेला एक जुना डिझेल ट्रक त्या थंडीत सुरू व्हायचा नाही. ट्रक सुरू होत नाही म्हणून चौदा वर्षांच्या मुलीने मुसमुसावं हे ऐकायला वेड्यासारखं वाटतं. पण मी मुसमुसायचे, कारण तो सुरू झाल्याशिवाय आम्हाला त्या आवारातून कुठेही जाता येणार नव्हतं.

बाबा एका खडीच्या क्रशरवर वर्कशॉप फोरमन होते. डोंगर फोडायचा, त्याची खडी करायची आणि दुबईत जे काही आकाशाला भिडत होतं त्याच्या पायात भरायला पाठवायची, असा तो कारभार. मंदी आली, तिकडच्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या, मग आमची खडी कोण घेणार? आधी रात्रपाळी गेली, मग ड्रायव्हर जायला लागले, मग ऑफिसातल्या लोकांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आमचा शहरातला फ्लॅट कंपनीचा होता, तो सोडावा लागला आणि आम्ही तिघं क्रशरच्या आवारातल्या दोन पोर्टा केबिनमध्ये राहायला आलो. "महिन्याभराचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले होते. कफील, म्हणजे आमचा तिथला मालक, सगळं विकून मोकळा होणार होता. बाबांनी एकेक यंत्र नव्या घेणाऱ्याच्या ताब्यात द्यायचं, यादीवर सही घ्यायची, आणि यादी संपली की व्हिसा कॅन्सल, पासपोर्ट हातात, खलास. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते. तेव्हा बहुतेकांचे असेच असायचे आणि त्यात काही वावगं आहे असं निदान आमच्या घरात कुणी म्हणत नसे. आज मी माझ्या मुलीला हे सांगते तेव्हा ती माझ्याकडे असं बघते की आम्ही सगळे मठ्ठ होतो.

डिसेंबर उजाडला तेव्हा यादीवर एकच ओळ उरली होती, तो ट्रक. पंधरा दिवसांत निघतोय या हिशेबाने माझा शाळेचा दाखलाही काढून झाला होता. म्हणजे इकडची शाळा सुटली आणि तिकडची धरलेली नाही. बाबांच्या एका जुन्या मित्राने चाकणला कारखान्याच्या गाड्या सांभाळायची नोकरी त्यांच्यासाठी अडवून ठेवली होती. "जानेवारी संपेपर्यंत थांबवतो रे, पाटणकर. पुढे माझ्या हातात नाही," असं तो फोनवर म्हणाला होता, आणि फोन स्पीकरवर होता म्हणून ते आम्ही तिघांनीही ऐकलं होतं.

ट्रक माझ्यापेक्षा वयाने मोठा. पुढे लांब नाक असलेला, कधीकाळी नारिंगी. ड्रायव्हर लोक त्याला बुढिया म्हणायचे, म्हणून आमच्या घरात म्हातारी. ज्या माणसाने म्हातारी घेतली त्याची डोंगरात वर शेती होती, तिथे पाणी पोचवायला त्याला ती हवी होती, आणि वर आमच्याहून जास्त गारठा. त्यामुळे त्याची एकच अट होती. गाडी रात्रभर बंद असली पाहिजे आणि सकाळच्या थंडीत सुरू झाली पाहिजे. ती अट तपासायला दर गुरुवारी सकाळी सातच्या आत कफीलचा मंदूब यायचा. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारदरबारी कामं करणारा माणूस. आमचा मंदूब सुदानी होता, उंच, सावकाश बोलणारा, कधी आवाज न चढवणारा. दुबईला जाता जाता तो आमच्याकडे गाडी वळवायचा, उतरायचा, सलाम करायचा आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा म्हातारीच्या बॉनेटवर हात ठेवायचा. कुणी आधी इंजिन तापवून ठेवलंय का ते बघायला. "बारिद," तो म्हणायचा, म्हणजे थंड. "गुड. यल्ला, स्टार्ट." मग बाबा सेल्फ मारायचे. खर्र, खर्र, खर्र. एक खोकला यायचा, दोन क्षण इंजिन धडधडायचं, आम्हा दोघींचा जीव वर यायचा, आणि मग हळूहळू सगळं बंद. मंदूब घड्याळ बघायचा. "नेक्स्ट थर्सडे, इन्शाल्ला," म्हणायचा आणि जायचा. आमचे पासपोर्ट त्याच्या हातातल्या काळ्या बॅगेत आहेत असं मला तेव्हा वाटायचं. प्रत्यक्षात त्यात त्याचा डबा असायचा.

आणि गंमत बघा, हीच म्हातारी दुपारी बारा वाजता पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. ऊन पाठीवर पडलं की कशी शहाण्यासारखी. पण दुपारचं प्रमाणपत्र कुणाला हवं होतं?

आता घरात काय चाललं होतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कंपनीत काम उरलं नाही तेव्हापासून आई फराळ करून विकत होती. चकली, शेव, चिवडा, पण मुख्य चकली. पोर्टा केबिनच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात ती भाजणी भाजायची, धणे-जिऱ्याचा खमंग वास आवारभर पसरायचा, आणि मग पंधरा लिटरचा पामतेलाचा डबा फुटायचा. वसईच्या ग्लोरिया मावशी तिथल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होत्या, त्या सुट्टीच्या दिवशी आमच्याकडून डबे घेऊन दुबईतल्या मराठी घरांत पोचवायच्या. "पंचवीस दिरहॅम किलो, म्हणजे तीनशेच्या वरच झाले की गं," असं आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा स्वतःच दचकली होती. त्या वर्षभर आम्ही जे काही जेवलो ते त्या सोऱ्यातून पडलेलं होतं. पण हे बाबांपुढे बोलायचं नाही. पहिल्या वेळेला दारात डब्यांची चळत बघून बाबांनी विचारलं होतं, "पाहुणे येणार आहेत का?" आणि आई काय सांगणार, "हो," म्हणाली होती. झालं. तेव्हापासून आमच्याकडे दर आठवड्याला पाहुणे येणार असायचे आणि कधीच यायचे नाहीत. बाबा तळण चालू असलं की बाहेर जाऊन बसायचे. घरात मणभर चकल्या, पण त्यांनी वर्षभर एक तोंडात घातली नाही. विचारलं तर म्हणायचे, "पाहुण्यांना पुरू देत."

माझे बाबा वाईट नव्हते. हट्टी होते. बायको घर चालवते ही गोष्ट त्यांनी डोळ्यांसमोर असून बघितली नाही, आणि आईने ती दाखवली नाही. अशी घरं तेव्हा बरीच होती, आजही असतील.

प्रश्न होता तळून उरलेल्या तेलाचा. काळं झालेलं तेल पुन्हा वापरणं आईला मान्य नव्हतं, बाहेर ओतलं तर बलदिया, म्हणजे तिथली नगरपालिका, दंड करणार, आणि अन्न म्हणून आणलेली वस्तू मातीत ओतायला तिचं मन होत नव्हतं. त्यावर उपाय गुलखानने काढला. गुलखान म्हातारीचा ड्रायव्हर, पेशावरकडचा, आईला बहन म्हणायचा आणि तिच्या हातची शेव मूठमूठ खायचा. "बहन, फेंको मत," तो म्हणाला. "बुढिया सब पी लेती है. हमारे गाँव में तो पुराना ट्रक इसी पे चलता है." आणि खरंच, उन्हाळ्यात म्हातारी ते तेल मजेत प्यायली. आई ते जुन्या सुती साडीच्या चौपदरी फडक्यातून गाळून द्यायची, मी नरसाळं धरायचे, गुलखान टाकीत ओतायचा. मग म्हातारी निघाली की मागे धुराला चकलीचा वास. मी आणि आई तोंडाला पदर, ओढणी जे असेल ते लावून हसायचो. बाबांना सांगितलं नाही, कारण तेलाचं सांगायचं तर पाहुण्यांचं सांगावं लागलं असतं.

दिवाळीनंतर गुलखानचं कॅन्सलेशन झालं, तो गेला. दिवाळीच्या ऑर्डरींचं तेल तसंच उरलेलं. मग आम्ही दोघी ते ओतायला लागलो. बाबा दुपारी जेवून हायवेवरच्या दुकानापर्यंत चालत जायचे, खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि पेपर आणायला, त्यांना तासभर लागायचा. तेवढ्यात आमचं काम. संक्रांतीच्या ऑर्डरी होत्या, तेव्हा जानेवारीतही दर आठवड्याला डबा निघतच होता. "तेवढंच त्यांचं डिझेल वाचतं गं, वैजू," आई म्हणायची. त्यांच्या नकळत त्यांना मदत करतेय, या आनंदात होती बिचारी.

तर गुरुवार. पहिल्या गुरुवारी म्हातारी खोकून बंद पडली तेव्हा बाबांनी बॅटरीला दोष दिला. दुसरी बॅटरी आणून जोडली. पुढच्या गुरुवारी तेच. मग त्यांनी हीटर प्लग बदलले, जे थंडीत इंजिन आतून गरम करतात, आणि त्याचं एवढं सविस्तर वर्णन जेवताना केलं की आई म्हणाली, "आधी आमटी वाढून घ्या." तिसऱ्या आठवड्यात त्यांचं म्हणणं पडलं की डिझेलच्या पाइपात कुठूनतरी हवा शिरतेय. सगळे सांधे उघडून नवे वॉशर घातले. इंजिनाजवळ काचेची एक वाटी असते, डिझेल तिथून पंपाकडे जातं, कचरा आणि पाणी त्या वाटीत खाली बसतं. ती त्यांनी सोडवून धुतली. मी बाजूला उभी होते. वाटीच्या तळाला आणि कडांना पांढरं काहीतरी बसलं होतं, साबणासारखं. "व्हॉट इज दॅट?" मी विचारलं. बाबांनी ती फडक्याने पटकन पुसली. "मराठीत विचारत जा," म्हणाले. "कचरा आहे, दुसरं काय." रोज दुपारी ते म्हातारी सुरू करून तास-दीड तास तशीच चालू ठेवायचे, उभ्या उभ्या. मला वाटायचं, गाडी चालतेय हे स्वतःला पटवायला बसतात.

त्या दिवसांत आवाराला आवाज नव्हता. क्रशर चालू होता तेव्हा धडधड एवढी असायची की आम्ही घरात ओरडून बोलायचो. आता नुसता पत्रा वाजायचा वाऱ्याने, आणि वरच्या कड्यावरून कुणाच्या तरी शेळ्या ओरडायच्या. पिकअप विकून झाली होती. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, खोक्यांत बांधलेली भांडी रोज लागेल तशी काढायची आणि रात्री पुन्हा बांधायची. आईने कुकरसुद्धा बांधून ठेवला होता, त्यामुळे भात पातेल्यात. गेटला कुलूप नव्हतं. वॉचमनही नव्हता. कुणीही चालत बाहेर पडावं असं ते उघडं गेट आणि त्यातून आम्हाला कुठेच जाता येत नाही, याचा मला जो संताप यायचा तो आजही अंगावर येतो. मी भूगोलाचं पुस्तक उघडून त्यातला महाराष्ट्राचा नकाशा बघत बसायचे आणि आईने विचारलं की इंग्रजीत फटकन काहीतरी बोलायचे.

रविवारी आई माझ्या डोक्याला तेल लावायची. खोबरेल तेलाची काचेची बाटली खिडकीत असायची. बारा महिन्यांतले दहा महिने ते तेल पाण्यासारखं, पण त्या थंडीत बाटलीत पांढरं दगड झालेलं. त्या रविवारी आईने बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि मी ते कडेकडेने सुटताना बघत बसले. आधी काचेला चिकटलेलं पांढरं, मग धुरकट, मग स्वच्छ. मी उठले. दारामागे तळणीच्या तेलाचा डबा होता, त्याचं झाकण काढलं. वर तपकिरी आणि खाली बोटभर पांढरा थर. बोट घातलं. साबणासारखं. मला एकदम सगळं दिसलं: सकाळी गोठतंय, वाटीत अडकतंय, फिल्टर चोंदतोय, दुपारी विरघळतंय. बॅटरीत काही नव्हतं, हीटर प्लगात नव्हतं, वॉशरात नव्हतं. आम्हाला आमच्याच चकलीने तिथे डांबून ठेवलं होतं, आणि दर आठवड्याला आम्ही वर आणखी एक डबा ओतत होतो.

आईला सांगितलं तेव्हा ती केस विंचरता विंचरता थांबली. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं ती आत्ता धावत जाऊन बाबांना सांगेल. पण तिने माझा खांदा धरला. "त्यांना बोलू नकोस."

"बट आई, दे विल नेव्हर लेट अस गो!"

"यापुढे नाही ओतायचं. आहे ते संपेल आपोआप. पण त्यांना कळता कामा नये की माझ्यामुळे..." मग म्हणाली, "त्यांचं काय उरलंय सांग बरं. एवढं एकच उरलंय की इंजिनातलं त्यांना कळतं. तेही माझ्या कढईने घालवू?"

तिने कंगवा पुन्हा माझ्या केसांत घातला. चौथा गुरुवार आला. मंदूबने हात ठेवला, बारिद म्हणाला, सेल्फ फिरला, म्हातारी खोकली आणि मेली. मंदूब या वेळी इन्शाल्ला म्हणाला नाही. म्हणाला, "मिस्टर पाटणकर, नेक्स्ट थर्सडे लास्ट. आफ्टर दॅट ही टेक अनदर ट्रक, अँड युवर पेपर, आय डोन्ट नो." तो गेला आणि बाबा म्हातारीच्या केबिनमधून खालीच उतरले नाहीत. नऊ वाजले, दहा वाजले. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर डोंगराकडे बघत बसलेले. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती आणि हातातलं थालीपीठ थापतच होती, ते पानाएवढं झालं तरी. शेवटी मीच ते भाजून घेतलं, चहा घेतला आणि म्हातारीच्या दुसऱ्या बाजूने चढून बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

"बाबा, आय हॅव टु टेल यू समथिंग."

"मराठीत."

मराठीत सांगायला जास्त वेळ लागला. "वाटीतलं ते पांढरं आहे ना, ते तळणीचं तेल आहे. आम्ही ओतलंय. गुलखान होता तेव्हापासून."

बाबांनी थालीपीठाचा तुकडा मोडला, चहात बुडवला, खाल्ला. "माहितीये," म्हणाले.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"चोवीस वर्षं डिझेल हुंगतोय मी, वैजू. डिझेलला ओव्याचा वास येत नाही. पहिल्या गुरुवारी फिल्टर उघडला तेव्हाच कळलं. म्हटलं, दुपारी चालवून चालवून जाळून टाकू. पण वास काही कमी होईना. मी जाळतोय आणि तुम्ही भरताय."

"मग टाकी रिकामी का नाही केली? मग ते प्लग, ते वॉशर..."

"टाकी उपसायची म्हणजे दीडशे लिटर बाहेर काढायचं. ते ड्रममध्ये ओतलं की सकाळी थिजून पांढरं होणार, तुझ्या आईच्या खिडकीसमोर. तिला कळलं असतं की मला कळलंय."

"काय कळलंय?"

"आपण कुणाच्या जिवावर जेवतोय ते." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि खोटं कशाला बोलू, इथे अडकलो होतो तोवर मी अजून फोरमन होतो. चाकणला गेलो की सगळ्यात म्हातारा मेकॅनिक."

मला त्यांची दया यायला हवी होती. आज येते. पण त्या दिवशी मला आला तो राग, असा की कानशिलं तापली. एक महिना. एक महिना हा माणूस जे बिघडलंच नाही ते दुरुस्त करत बसला होता, आणि आत ती बाई त्याचं मन जपायला तोंड शिवून बसली होती, आणि दोघांच्या या नाजूकपणाच्या मध्ये मी. "माझा दाखला काढलाय, बाबा," मी म्हटलं. "मी कुठल्याच शाळेत नाहीये. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा, पण मला घरी न्या." एवढं मराठी मी तोपर्यंत एका दमात बोलले नव्हते. बाबा खाली उतरले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ते तेल गाळायचं फडकं दे," ते आईला म्हणाले. "टाकी उपसायचीय."

आई जागच्या जागी उभी. तिच्या हाताला पीठ होतं, ते तिने पदराला पुसलं, जे ती कधी करत नसे. मग खुंटीवरचं फडकं काढून तिने बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते फडकं नाकाशी नेलं आणि खांद्यावर टाकलं.

त्या दुपारी, तेल पातळ असताना, आम्ही तिघांनी म्हातारी उपसली. टाकीखाली ड्रम लावले. तळाशी साचलेला गाळ बाबांनी हात घालून काढला. पाइप सुटे केले, आई किटलीतून उकळतं पाणी ओतत होती, पाण्यावर तेलाचे डोळे येत होते, आणि पाइप वाळवायला तिने ते साड्यांसारखे दोरीवर घातले. पंप खरखरीत ब्रशने, मग ताज्या डिझेलने धुतला. फिल्टर नवा. ताजं डिझेल भरलं तेसुद्धा आईने फडक्यातून गाळून, स्वच्छ धुतलेल्या फडक्यातून. मग पाइपात शिरलेली हवा काढायची. मी हाताने दाबायचा छोटा पंप दाबत राहायचं आणि बाबांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बघत राहायचं; आधी फेस येतो, बुडबुडे येतात, आणि डिझेल एकसंध वाहायला लागलं की स्क्रू आवळायचा. "दाब," बाबा म्हणायचे. "अजून. अजून आहे हवा." माझा अंगठा सोलला. आज गाडीत काही बिघडलं तर नवरा फोन लावतो आणि मी बॉनेट उघडते, ते त्या दिवसामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम पांढरे झाले होते. बाबा म्हणाले होते तसेच, खिडकीसमोर. आई त्यांच्याकडे बघत चहा करत होती. पण पाहुण्यांचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. मला वाटलं, झालं, एवढं होऊनसुद्धा हे दोघं तिथेच. खरंच वैताग आला.

इथेच सांगून टाकते, चाकणची नोकरी आम्ही पोचायच्या चार दिवस आधी दुसऱ्याला गेली. बाबांचा तो महिना त्यांना महागात पडला. नंतरची अकरा वर्षं, ते गेले तोपर्यंत, धनकवडीतल्या गाळ्यात आईची चकली चालली आणि सोऱ्याची मशीन बाबा सांभाळायचे, सगळ्यात म्हातारा मेकॅनिक म्हणून. पण ते सगळं पुढे.

पाचव्या गुरुवारी आधीच्या सगळ्यांहून जास्त थंडी होती. डोंगर धुक्यात. मंदूबने मफलर गुंडाळला होता. त्याने बॉनेटवर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि बोटं चोळली. "बारिद. व्हेरी बारिद. यल्ला." आई खिडकीत, मी दारात. बाबांनी किल्ली फिरवली, हीटर प्लगसाठी मनात आकडे मोजले, आणि सेल्फ मारला. खर्र. खर्र. म्हातारी खोकली. मी डोळे मिटले. ती पुन्हा खोकली, आणि मग तिने आवाज धरला, आधी फुटका, मग एकसारखा, आणि तो राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. मंदूब घड्याळ बघत होता आणि हसत होता. मागून धूर आला. सगळं धुतलं तरी नळकांड्यात कुठेतरी राहिलंच होतं, त्यामुळे धुराला तो वास होताच, आवारभर, ओळखू येईल असा.

मंदूबने नाक वर केलं. "व्हॉट इज दिस?" त्याने विचारलं. "स्मेल लाइक फूड."

बाबा केबिनमधून उतरले. फडक्याला हात पुसले. मला वाटलं, आता पाहुणे येणार.

"माय वाइफ," बाबा म्हणाले, इंजिनाच्या वर आवाज काढून. "शी मेक्स चकली. शी सेल्स. दुबई, शारजा, एव्हरीव्हेअर. होल इयर माय हाउस रनिंग ऑन दॅट." मग खिडकीकडे वळून मराठीत, "अगं, एक डबा आण गं बाहेर. मोठा."

आई डबा घेऊन आली. मंदूबने यादीवर सही केली, चकली घेतली, कुडुम करून चावली, मान डोलावली. मग बाबांनी डब्यात हात घातला. वर्षात पहिल्यांदा. एक चकली काढली, मोडली, चावत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले तरी तोंड म्हातारीकडेच ठेवून म्हणाले,

"तिखट जरा कमी पडलंय."

"वर्षभर चाखायला कोण होतं?" आई म्हणाली.